नेम शंभर दिवसांचा, सह्या पाच

नेम धरणं सोपं असतं. चार लोकांना सांगितला की मात्र तो नेम आपल्याला धरतो. मसुदेकाकांनी तर चार सोडाच, एकशे बारा लोकांना सांगितला. इमारतीच्या ग्रुपवर, कार्यालयाच्या ग्रुपवर आणि बायकोच्या माहेरच्या ग्रुपवर. यातल्या तिसऱ्या ठिकाणी सांगणं ही चूक होती हे त्यांना बोट उचलताक्षणी कळलं, कारण तिथे मेहुणे होते.

अर्ध्या मिनिटात फोन वाजला.

"भाऊजी, रोज एक लेख? शंभर दिवस? इंटरनेटवर?"

"हो."

"तबला किती दिवस चालला होता आपला?"

"ते वेगळं होतं."

"नऊ दिवस. पोहणं चार दिवस. जपानी भाषा तर रविवारी सकाळी सुरू झाली आणि रविवारीच जेवायच्या आत संपली."

"हे वेगळं आहे म्हणतोय ना."

"तबलाही वेगळाच होता, भाऊजी. तुमचे शेजारी अजून सांगतात."

मसुदेकाकांनी फोन ठेवला आणि कपाळावरचा घाम पुसला. पण बाण सुटला होता.

आता हे मसुदेकाका म्हणजे कोण, तर पाणीपुरवठा कार्यालयातल्या तक्रार शाखेत पत्रांचे मसुदे लिहिणारे गृहस्थ. खरं नाव त्यांना होतं, पण अठ्ठावीस वर्षं मसुदे लिहून लिहून कार्यालयाने त्यांचं नाव मसुदेकाका पाडलं, ते तिथून इमारतीत आलं आणि पुढे पुढे बायकोसुद्धा रागावली की "काय हो मसुदेकाका!" असं म्हणू लागली. नळाला पाणी येत नाही, गढूळ येतं, आवाज येतो पण पाणी येत नाही, अशा नाना प्रकारच्या तक्रारींना त्यांनी आजवर हजारो उत्तरं लिहिली होती. प्रत्येक उत्तराखाली सही साहेबांची. आयुष्यात एकदा, एकदाच, काहीतरी आपल्या नावाने बाहेर पडावं आणि कुणीतरी ते आपल्या नावाने ओळखावं, एवढी एकच इच्छा त्यांच्या पोटात होती. ती त्यांनी कुणालाही बोलून दाखवली नव्हती. म्हणूनच घरात सगळ्यांना ती माहीत होती.

कन्येने एक संकेतस्थळ शोधून काढलं. नियम साधा. रोज एक लेख टाकायचा. वर कोपऱ्यात दिवसांचा आकडा. शंभर झाले की पुरे केलेल्यांच्या यादीत तुमचं नाव, पूर्ण नाव, ठळक अक्षरात. एक दिवस चुकला की आकडा पुन्हा शून्य.

"शून्य म्हणजे अगदी शून्य?" काकांनी विचारलं.

"अगदी."

"अपिलाची काही तरतूद?"

"बाबा, तुम्ही लिहा हो फक्त!"

पहिल्या दिवशी सकाळी सहाला उठून, तोंड धुऊन, देवाला हात जोडून मसुदेकाका बसले. दीड तासाने उठले तेव्हा पडद्यावर मजकूर तयार होता: "विषय: दररोज लेखन करण्याबाबत. संदर्भ: कन्येशी दि. तीन रोजी झालेली तोंडी चर्चा. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आजपासून लेखन सुरू करण्यात येत आहे."

बायकोने खांद्यावरून वाचलं. त्या शाळेत गणित शिकवत.

"वाचून मला उगीच नळ तपासावासा वाटला," त्या म्हणाल्या.

"मसुदा नियमात आहे."

"मग टाका की."

इथे खरी अडचण आली. 'प्रकाशित करा' असं लिहिलेला निळा चौकोन समोर होता आणि मसुदेकाकांचं बोट त्याच्यावर अधांतरी थांबलं होतं. अठ्ठावीस वर्षांत वरच्या सहीवाचून त्यांनी एक ओळ बाहेर जाऊ दिली नव्हती. टपालात पत्र टाकायचं तरी ते सही दोनदा बघत. चौकोन दिसत होता, बोट तयार होतं, पण मधली ती सही काही सापडत नव्हती.

"तू जरा सही कर बरं," ते बायकोला म्हणाले.

"कशावर?"

काकांनी मजकूर एका कागदावर उतरवला, डावीकडे चार बोटं समास सोडला, खाली 'सादर' लिहिलं आणि कागद पुढे केला. बाईंनी डब्याची घाई असतानाही पेन घेतलं आणि सवयीने समासात लिहिलं, "दहापैकी चार. विषयाला धरून आहे, त्यातच चूक आहे." खाली सही ठोकली. काकांचा चेहरा उजळला. शेरा काहीही असो, सही होती! बोट खाली आलं. आकडा झाला एक.

आठ दिवस असंच चाललं. वाचक तीन: बायको, कन्या आणि मेहुणे. मेहुणे लेख वाचत नसत, आकडा वाचत.

नवव्या दिवशी मात्र काकांना लिफ्टबद्दल लिहायची बुद्धी झाली. इमारतीची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये थांबून विचार करत बसे. त्यात अडकल्यावर कोण काय करतं, हे काकांनी कुणाचंही नाव न घेता लिहिलं. चौथ्या मजल्यावरचे एक जण बेसूर शिट्टी वाजवतात. तळमजल्यावरच्या निवृत्त फौजींचा लठ्ठ कुत्रा आधी खाली बसतो आणि मग सगळ्यांनाच बसावं लागतं. दुसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यबाई समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून पाहत राहतात. त्या सकाळी कन्येने तो लेख इमारतीच्या ग्रुपवर टाकला आणि संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस लोकांनी वाचला. इमारतीत माणसंच चाळीस होती. एक्केचाळिसावा कोण, याची बरेच दिवस चर्चा होती.

दुसऱ्या दिवशी समितीची तातडीची बैठक.

सचिव जुने मोजणी खात्यातले. माणसाकडे पाहतानाही ते त्याची लांबी-रुंदी घेत आहेत असं वाटे. "मुद्दा असा आहे," ते म्हणाले, "की लेख चांगला आहे. पण लेखात आम्ही आहोत."

"नाव कुठंय कुणाचं?" काका म्हणाले.

"शिट्टी वाजवणारा इमारतीत मी एकटाच आहे," चौथ्या मजल्यावरचे शिट्टीवाले म्हणाले, "आणि बेसूर? माझ्या आत्याने सुद्धा कधी बेसूर म्हटलं नाही."

"आणि कुत्रा लठ्ठ नाही," फौजी गरजले. "भरदार आहे."

"मी तोंडाकडे बघते कारण तिथे दात असतात," दंतवैद्यबाई शांतपणे म्हणाल्या. "काका, तुमची डावीकडची खालची दाढ दाखवायला या."

वादावादी वाढली. शेवटी सचिवांनी तोडगा काढला की इमारतीतली माणसं, प्राणी, जिने, लिफ्ट यांचा उल्लेख असलेला कुठलाही मजकूर आधी समितीला दाखवावा, चौघांच्या सह्या घ्याव्यात, मगच टाकावा. पण हे ठरावात कसं लिहायचं, ते कुणालाच येईना.

दुसरा कुणी असता तर हात झाडून घरी गेला असता. मसुदेकाकांचा चेहरा मात्र लग्नघरातल्या मामासारखा फुलला. अहो, सह्या! एक सोडून पाच! त्यांनी खिशातून पेन काढलं आणि तिथल्या तिथे ठरावाचा असा मसुदा लिहून दिला की त्यातून मुंगीला बाहेर पडायला वाट नव्हती. "सदर मंजुरी प्रकाशनापूर्वी, लेखी, व चारही सदस्यांची एकत्रित असणे बंधनकारक राहील." माणूस स्वतःच्या फासाची दोरी वळतो हे ऐकलं होतं, गाठ नीट बसली का म्हणून ओढून बघणारा हा पहिलाच.

"तुम्हाला राग नाही आला?" घरी कन्येने विचारलं.

"राग कसला? आता कसं, पद्धतशीर झालं!"

मग सुरू झाली ती सह्यांची प्रदक्षिणा. पहाटे लेख, सातला बायकोची सही, सव्वासातला तळमजला. फौजी कुत्र्याला फिरवून येत, चष्मा लावत आणि कुत्र्याला मोठ्याने वाचून दाखवत. कुत्रा उठून गेला की फौजी म्हणत, "हा परिच्छेद काढा." तिथून दुसरा मजला. दंतवैद्यबाईंची कशालाच हरकत नसे, फक्त शेवटी 'दात रात्री झोपतानाही घासावेत' अशी एक ओळ असावी एवढाच आग्रह. तिथून सचिव. ते लेखाची मोजणी करत. "कालचा दोनशे अठरा शब्दांचा होता. आज दोनशे चाळीस. वाढ कशाच्या आधारावर?" सगळ्यात शेवटी चौथ्या मजल्यावर शिट्टीवाले. लिफ्ट नेमकी सकाळी विचारात असे, त्यामुळे हे सगळं जिन्याने. पंधरा दिवसांत मसुदेकाकांची विजार कमरेला सैल झाली.

गंमत अशी की इमारतीला मजा येऊ लागली. एकमेकांकडे वर्षानुवर्षं फक्त मान हलवणारी माणसं आता जिन्यात थांबून "आज काय लिहिलंय?" विचारू लागली. फौजी आणि शिट्टीवाले यांचं पार्किंगवरून सात वर्षं बोलणं बंद होतं. ते काकांच्या एका लेखातलं एक वाक्य काढण्यावर एकमताचे झाले आणि तेव्हापासून रोज सकाळी एकत्र चहा पिऊ लागले. ते वाक्य लेखातलं सगळ्यात चांगलं होतं, ही गोष्ट निराळी.

लेखांचं काय होत होतं, ते मात्र सांगवत नाही. सगळेच लोक सज्जन झाले. सगळेच कुत्रे भरदार झाले. कुठेही सुरू झालेला लेख शेवटी दातांपाशी येऊन थांबे. सूर्योदयावरचा लेखही दातांवर संपला. वाचक एक्केचाळिसावरून सातावर आले. पाच सही करणारे, सहावी कन्या आणि सातवे मेहुणे. त्या सातांतही मजकूर वाचायची गरज कुणालाच नव्हती, पाचांनी तो आधीच वाचलेला असे. पण कोपऱ्यातला आकडा चढत होता. छत्तीस! मसुदेकाका कार्यालयात टेबलाचा खण उघडून मोबाइलवर तो आकडा हळूच बघत आणि खण बंद करत, जसं कुणी पाळण्यातलं मूल निजलंय का ते बघतं.

सदतिसाव्या दिवशी शिट्टीवाले घरी सापडले नाहीत.

"यांची दाढ ठणकतेय. आज दुपारी त्या बाईंच्या दवाखान्यात जायचंय, तोवर भावाकडे गेलेत," त्यांच्या बायकोने सांगितलं. चारांपैकी तीन सह्या झाल्या होत्या. ठराव म्हणत होता 'एकत्रित'. ठराव कुणी लिहिला होता? काकांनी स्वतः.

"अहो, एक दिवस टाका तसाच," बायको म्हणाल्या.

"बेकायदेशीर होईल."

दुपारी एकला जेवणाची सुट्टी झाली तसे मसुदेकाका डबा न उघडता धावत दवाखान्यात पोचले. शिट्टीवाले खुर्चीत उताणे, तोंड 'आ' करून, गाल बधिर. वर दिवा. दंतवैद्यबाईंच्या हातात काहीतरी घुर्र करत होतं.

"दोन मिनिटं," काका धापा टाकत म्हणाले. "फक्त सही."

शिट्टीवाल्यांनी त्याच अवस्थेत कागद डोळ्यांसमोर धरला आणि वाचायला लागले. माणूस सावध. अर्ध्यावर त्यांनी एका शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "आँ आँ आँ."

"काय म्हणताहेत?"

"मला काय माहीत," बाई म्हणाल्या. "या खुर्चीत सगळे हेच म्हणतात."

शिट्टीवाल्यांनी हवेत बोटाने लिहून दाखवलं. मग बोटं मोजली. मग छातीवर हात ठेवला. काकांनी 'आनंदी' सुचवलं, मान नकारार्थी. 'तल्लीन'? नकार. 'कलासक्त'? जरा विचार करून नकार. शेवटी बाईंनी त्यांना चूळ भरू दिली, तेव्हा वाकड्या झालेल्या तोंडातून एकच शब्द आला, "प्लयोगशील." 'हौशी' काढून 'प्रयोगशील' घातलं गेलं. सही झाली. दुसरी सही बाईंची सकाळीच झालेली होती, तरी त्यांनी लेखाच्या शेवटी दातांची ओळ आहे ना, हे पुन्हा एकदा पाहिलं.

दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून मसुदेकाकांनी चौकोन दाबायला मोबाइल उघडला. घड्याळात एक वाजून एक्केचाळीस मिनिटं झाली होती. वर पाहिलं तर कोपऱ्यात आकडा होता: शून्य.

त्यांना आधी वाटलं चष्मा. चष्मा पुसला. शून्य आणखी स्वच्छ दिसलं.

कन्येला फोन केल्यावर उलगडा झाला. संकेतस्थळवाले सात समुद्रांपलीकडे बसलेले; त्यांचा दिवस आपल्या दुपारी दीडला संपतो. काका रोज साडेनऊच्या आत लेख टाकत, म्हणून छत्तीस दिवस हे कळलंच नाही. अकरा मिनिटं उशीर झाला होता. एका विशेषणापायी!

मसुदेकाका खचले, पण कागदाच्या बाबतीत त्यांना कुणी हरवू शकत नव्हतं. त्याच दिवशी त्यांनी संकेतस्थळाला सविस्तर निवेदन पाठवलं. परिशिष्टं तीन: दंतवैद्यबाईंचा दाखला, जिन्याच्या पायऱ्यांची संख्या, ठरावाची प्रत. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. चांगलं शुद्ध मराठीत:

"आपल्या निवेदनाची नोंद घेण्यात आली आहे. योग्य ती कार्यवाही यथावकाश करण्यात येईल."

काकांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. "मसुदा उत्तम आहे," ते सवयीने म्हणाले.

आणि मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं. हे उत्तर त्यांना पाठ होतं. हे त्यांनी हजारो वेळा लिहिलं होतं. फक्त ते कधी कुणी त्यांना पाठवलं नव्हतं. हे पत्र हातात पडलेल्या माणसाला काय वाटतं, हे कळायला त्यांना अठ्ठावीस वर्षं आणि एक शून्य लागलं. पत्र कागदाचं नसूनही त्यांनी ते उलटं करून पाहिलं, मागे काही लिहिलंय का.

संध्याकाळी मेहुण्यांचा फोन आलाच. "छत्तीस, भाऊजी! मानलं. तबल्याच्या चौपट!" आणि खरं सांगायचं तर या वेळी त्या आवाजात टिंगल कमी आणि माया जास्त होती. पण काकांना ती माया टिंगलीपेक्षा जास्त लागली.

तीन दिवस ते लिहायला बसले नाहीत. चौथ्या दिवशी, शुक्रवारी, त्यांनी एक कागद बायकोपुढे ठेवला. समास चार बोटं. "सदर लेखन उपक्रम अपरिहार्य कारणास्तव स्थगित करण्यात येत आहे. सादर."

बाई वह्या तपासत होत्या. त्यांनी कागद वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"मी नाही सही करणार."

"शेरा तरी मार."

"शेराही नाही. छत्तीस दिवस मी गुण देत आले. उदाहरण मांडलंय, रीत बरोबर, पायऱ्या बरोबर, उत्तराची जागा कोरी. तुम्ही कुठे आहात हो यात? फौजी आहेत, कुत्रा आहे, पाहुण्यासारखे दात रोज येऊन जातात. तुम्हीच नाही."

"मी काय लिहू माझं? माझं असं काही घडत नाही."

"मग घडवा," बाई म्हणाल्या आणि पुढची वही ओढली. "आणि सही मागायला येऊ नका. छापून आलं की वाचीन."

शनिवारी कार्यालय अर्धा दिवस. काकांनी सहज म्हणून कपाटातली सगळ्यात जाड फाइल काढली. एका म्हाताऱ्या आजींची तक्रार: नळाला पाणी येत नाही. सहा वर्षं. अर्ज एक, स्मरणपत्रं अकरा, उत्तरं अकरा. अकराही काकांच्या हातची. फाइल बासष्ट पानांची झाली होती. नळ कोरडा होता तो होताच.

कार्यालयात एक चावीवाला होता, म्हणजे रस्त्याखालच्या नळांचे व्हॉल उघडणारा, बंद करणारा. काका त्याला म्हणाले, "चल जरा."

"आदेश?"

काका थबकले. मग म्हणाले, "मी सांगतोय."

चावीवाल्याने त्यांच्याकडे असं पाहिलं जसं भिंतीवरचं कॅलेंडर बोललंय. पण आला.

आजींच्या फाटकाबाहेर जमिनीत एक लोखंडी झाकण होतं. चावीवाल्याने ते उचकटलं, आत लांब दांड्याची चावी घातली आणि म्हणाला, "बंद आहे."

"काय बंद आहे?"

"व्हॉल. दुरुस्तीला बंद केला असणार कधीतरी, उघडायचा राहिला." त्याने चावी फिरवली. चार मिनिटं लागली, त्यातलं दीड मिनिट गंज काढण्यात गेलं.

घरात आजी नळाजवळ उभ्या होत्या. आधी नळ खोकला. मग त्याने हवा सोडली, मग तांबडं पाणी आणि मग सहा वर्षांचं साठलेलं सगळं एकदम, थेट काकांच्या अंगावर. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेले मसुदेकाका स्वयंपाकघराच्या मधोमध उभे आणि आजी टाळ्या वाजवून हसताहेत. काकांना क्षणभर वाटलं की देव कुठे भेटत असेल तर तो असाच, ध्यानीमनी नसताना, तोंडावर येऊन आदळत असेल.

"कोण हो तुम्ही?" आजींनी पंचा पुढे करत विचारलं.

"कार्यालयातर्फे," काका सवयीने म्हणाले.

"ते कळलं. तुम्ही कोण?"

आणि मसुदेकाकांनी, ठिबकत ठिबकत, आपलं नाव सांगितलं. पूर्ण. वडिलांच्या नावासकट.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी टेबलाशी बसून लिहायला घेतलं. समास नाही, विषय नाही, संदर्भ नाही. 'मला माझंच पत्र आलं' असं त्याचं पहिलं वाक्य. मग शून्य, मग आजी, बासष्ट पानं, चार मिनिटं, अंगावरचं पाणी. "ज्यांना ज्यांना मी नोंद घेतल्याचं कळवलं, त्या सगळ्यांची मी माफी मागतो. नोंद मी घेतली होती. तेवढीच घेतली होती." दातांचा उल्लेख कुठे नव्हता. एक वाजून अठ्ठावीस मिनिटांनी बोट निळ्या चौकोनावर आलं आणि सवयीने थांबलं. काकांनी इकडे तिकडे पाहिलं. सही करायला कुणी नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि दाबलं.

आकडा: एक.

लेख इमारतीने वाचला. मेहुण्यांनी तर या वेळी मजकूरही वाचला आणि आकड्याचा विषय न काढता, "भाऊजी, आमच्या गल्लीतही एक झाकण आहे," एवढंच म्हणाले. त्यांनी तो पुढे पाठवला, पुढच्यांनी त्याच्या पुढे.

मंगळवारी सकाळी तक्रार शाखेसमोर रांग लागली. तीसेक माणसं. आजवर तिथे येणारा माणूस 'साहेब आहेत का' विचारी. आज सगळे एकच नाव विचारत होते, पूर्ण नाव, आणि शिपाई प्रत्येकाला सांगत होता, "या नावाचं इथे कुणी नाही." पाचव्या माणसानंतर त्याची ट्यूब पेटली. तो आत धावला. "काका! हे तुम्हीच की हो!"

साडेबाराला साहेबांचं बोलावणं आलं.

साहेब हिरव्या शाईने सही करणारे आणि कुठल्याही कागदावर आधी 'चर्चा करावी' लिहिणारे. निवृत्तीला आठ महिने. त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला. त्यावर काकांचा लेख होता.

"हे कुणाच्या सहीनं गेलं?"

अठ्ठावीस वर्षांची नोकरी, बढतीचा राहिलेला कागद, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. सांगायला तयार उत्तरं होती: अनवधानाने, तांत्रिक कारणाने, कन्येच्या हातून.

"माझ्या, साहेब," ते म्हणाले.

साहेबांनी उठून दार लावलं, खालचा खण उघडला आणि चार घड्या घातलेला एक कागद पुढे केला. वर्षापूर्वीच्या पत्राची कार्यालयातली प्रत. एका बाईंच्या तक्रारीला दिलेलं उत्तर: नोंद घेण्यात आली आहे, योग्य ती कार्यवाही यथावकाश करण्यात येईल. मसुदा काकांचा. सही साहेबांची, हिरवी.

"या बाई कोण, साहेब?"

"आमची ही," साहेब हळू आवाजात म्हणाले. "स्वयंपाकघरातला नळ. मी म्हटलं घरचं काम म्हणून मी बोलणं बरं नाही, तू रीतसर अर्ज कर. तिने केला. आणि मी न वाचता..." त्यांनी सहीवर बोट ठेवलं. "वर्षभर ती मला जेवताना पेल्याबरोबर हे पत्र वाढते. काका, तुमचा तो चावीवाला आज मोकळा आहे का?"

साहेबांचं घर कार्यालयाच्या मागेच होतं. एक वाजता तिघं निघाले. पुढे चावी, मध्ये काका आणि मागे साहेब. घंटी वाजवल्यावर बाईंनी दार उघडलं. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. काकांकडे पाहिलं, काकांच्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं आणि त्यांचं पूर्ण नाव उच्चारलं.

"तेच ना तुम्ही? कालचं मी तिघींना वाचून दाखवलं. आजचं कधी येणार?"

असं कुणी आयुष्यात विचारलं नव्हतं. मसुदेकाकांनी घड्याळ पाहिलं. एक वाजून चौदा.

"ताई, जरा टेबलाशी बसू?"

"बसा की!"

चावीवाला ओट्याखाली शिरला. त्याने हात लांब करून कुणाला तरी विजेरी धरायला सांगितली, आणि ओट्याशी रिकामा माणूस एकच होता. साहेब गुडघ्यांवर बसले. तोळाभर कुरकुर न करता त्यांनी विजेरी धरली. काकांनी लिहायला घेतलं. आज शब्द कुठून तरी उताराला लागल्यासारखे येत होते; साहेबांचे मोजे, ओट्याखालून येणारं "अजून डावीकडे", बाईंचा कमरेवरचा हात, सगळं सगळं. एक वाजून सव्वीस. ओट्याखालून नळाचा पहिला खोकला ऐकू आला.

त्या पाठोपाठ साहेबांचा आवाज आला. आवाजात जरब होती, पण डोकं कपाटात असल्यामुळे ती आतच घुमत होती. "काका, तुम्ही आमच्याबद्दलच लिहिताय का हो?"

"होय, साहेब."

"मग असं करा, आधी मला दाखवा. एकदा नजर घालतो. एखादा शब्द इकडे तिकडे..."

मसुदेकाकांनी निळ्या चौकोनाकडे पाहिलं. बोट या वेळी हवेत थांबलं नाही.

"टाकलं, साहेब," ते म्हणाले. आणि तिकडे ओट्यावर पाणी आलं.